सीओपीडीच्या रुग्णासाठी घरी परिचारिका हवी का, आणि तिने नेमके काय करावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६८ वर्षांचे आहेत आणि त्यांना बरीच वर्षे सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुफ्फुसविकार आहे. एकाच वर्षात दुसऱ्यांदा रुग्णालयात राहून ते नुकतेच घरी आले आहेत. सोबत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे यंत्र), दोन प्रकारचे इन्हेलर आणि नेब्युलायझर (औषधाचे बारीक तुषार करून देणारे यंत्र) आहे, आणि रात्री बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारे यंत्र) लावावे लागेल का हे डॉक्टर पुढच्या तपासणीत ठरवणार आहेत. त्यांची मुलगी विचारते: घरी साधा मदतनीस ठेवला तर चालेल, की प्रशिक्षित परिचारिकाच हवी? ती असे काय करते जे आम्हाला जमणार नाही? आणि तिची गरज किती दिवस लागेल?

मी स्वतः परिचारिका आहे. सुरुवातीची काही वर्षे रुग्णालयाच्या छातीविकार विभागात आणि पुढची २२ वर्षे रुग्णांच्या घरी जाऊन मी हेच काम केले आहे. माझे उत्तर असे, की परिचारिका हवी, पण यंत्रे हाताळण्यासाठी नव्हे. यंत्रे तुम्ही दोन दिवसांत शिकाल. परिचारिका हवी ती तुमच्या वडिलांचा नेहमीचा दिवस कसा असतो हे नीट ओळखून, तो बिघडू लागला की दोन दिवस आधी सांगण्यासाठी, आणि ती नजर हळूहळू तुम्हाला देण्यासाठी. पुढे जे काही लिहिते आहे ते सारे या एका गोष्टीभोवती फिरते.

या आजारात श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणे अधिक अवघड होते. नलिका अरुंद झालेल्या असतात, वायुकोशांच्या, म्हणजे फुफ्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या, भिंती विरलेल्या असतात, त्यामुळे आधीची हवा पूर्ण बाहेर पडण्याआधीच पुढचा श्वास सुरू होतो आणि छातीत हवा साठत जाते. भरलेल्या पिशवीत आणखी किती भरणार? जिना चढताना किंवा घाई करताना रुग्णाची जी घालमेल होते ती या कोंडलेल्या हवेमुळे. गेलेली फुफ्फुसे परत येत नाहीत, परंतु आहे त्या फुफ्फुसांवर माणूस कसा जगतो यात मात्र फार मोठा फरक पडू शकतो. हा फरक बहुतेक घरातच घडतो, कारण रुग्ण वर्षाचे जवळजवळ सगळे दिवस घरात असतो आणि डॉक्टरांसमोर फार तर काही मिनिटे.

पहिल्या आठवड्यात परिचारिकेने करायचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे नोंद. आजार शांत असताना सॅच्युरेशन, म्हणजे बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर दिसणारी रक्तातील ऑक्सिजनची टक्केवारी, किती असते, बसल्या जागी किती आणि न्हाणीघरापर्यंत चालून आल्यावर किती, श्वासाचा वेग मिनिटाला किती, कफ रोज साधारण किती पडतो, त्याचा रंग कोणता, झोपताना किती उशा लागतात, घोटे सुजलेले असतात का, वजन किती, एका श्वासात किती शब्द बोलता येतात. श्वास मोजण्याची एक रीत आहे, ती तुम्हीही शिका. आपला श्वास कोणी मोजते आहे हे कळले की माणसाचा श्वास बदलतो. म्हणून मी मनगट हातात धरते, नाडी पाहते, आणि नाडी मोजून झाली तरी हात न सोडता, नजर पोटावर ठेवून पूर्ण ६० सेकंद श्वास मोजते. १५ सेकंद मोजून चौपट करण्याचा मोह टाळावा, कारण या रुग्णांचा श्वास एकसारखा नसतो. निरोगी प्रौढ माणसाचा विश्रांतीतला वेग मिनिटाला १२ ते २० असतो. सीओपीडीच्या अनेकांचा नेहमीचाच वेग २०-२२ असतो. म्हणून २४ हा आकडा एकासाठी धोक्याचा आणि दुसऱ्यासाठी जवळजवळ रोजचा असू शकतो. नेहमीचा आकडा ठाऊक नसेल तर आजच्या आकड्याला काही अर्थ नसतो.

पल्स ऑक्सिमीटरविषयीही दोन शब्द. बोट गार असेल, नखाला रंग असेल, हात थरथरत असेल तर तो चुकीचा आकडा दाखवतो, आणि गडद त्वचेच्या व्यक्तींमध्ये खऱ्यापेक्षा थोडा जास्त दाखवू शकतो. हात चोळून गरम करावा, पाच मिनिटे शांत बसवावे, आकडा स्थिरावेपर्यंत थांबावे आणि मगच लिहावे. दिवसात दोनदा, ठरलेल्या वेळी, पुरे. काही घरांत मी दर दहा मिनिटांनी बोट यंत्रात घातलेले पाहिले आहे; त्याने रुग्णाची भीती वाढते, भीतीने श्वास वेगात होतो आणि वेगवान श्वासाने हवा आणखी कोंडते.

आता बिघाड कसा ओळखावा ते सांगते. दम नेहमीपेक्षा जास्त लागणे, कफाचे प्रमाण वाढणे आणि कफाचा रंग पांढऱ्यावरून पिवळा किंवा हिरवा होणे, ही तीन मुख्य लक्षणे आहेत. डॉक्टर प्रतिजैविक द्यायचे की नाही हे ठरवताना याच तीन गोष्टी विचारतात, आणि रंगाला विशेष वजन देतात. परंतु यांच्याही आधी काही बारीक खुणा दिसतात, आणि त्या प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. माझ्या एका वयस्क रुग्णाला रोज सकाळी वर्तमानपत्रातले मथळे मोठ्याने वाचायची सवय होती. एके दिवशी त्यांनी एक साधा सहा शब्दांचा मथळा मध्येच तोडून वाचला. सॅच्युरेशन तेच होते, ताप नव्हता, ते स्वतः म्हणत होते की मी ठीक आहे. मी त्या दिवशी दुपारी पुन्हा गेले. कफ घट्ट झाला होता आणि श्वासाचा वेग नेहमीच्या २० वरून २६ वर गेला होता. डॉक्टरांना त्याच संध्याकाळी कळवले, औषधे त्याच रात्री सुरू झाली आणि ते आजारपण घरातच निभावले. कोणी दाढी अर्ध्यावर सोडते, कोणी जेवताना हात टेकवून बसू लागते, कोणी न बोलता आरामखुर्चीत झोपायला जाते. तुमच्या वडिलांची अशी खूण कोणती, हे परिचारिकेने आणि तुम्ही मिळून शोधायचे आहे. मागच्या दोन आजारपणांपूर्वीचे तीन-चार दिवस आठवून पाहा. बहुधा तिथेच ती सापडेल.

अशा वेळी काय करायचे याची एका पानाची लेखी योजना डॉक्टरांकडून आधीच करून घ्यावी: त्वरित आराम देणारे इन्हेलर किती वेळा वाढवायचे, स्टेरॉइडच्या गोळ्या आणि प्रतिजैविक घरात ठेवायचे का, कोणत्या लक्षणाला सुरू करायचे आणि सुरू करताच कोणाला कळवायचे. मात्र नुसत्या कागदावर विसंबू नका. अमेरिकेत निवृत्त सैनिकांवर झालेल्या एका अभ्यासात ४२६ रुग्णांपैकी निम्म्यांना शिक्षण, लेखी योजना आणि घरी ठेवायची औषधे देण्यात आली. तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला, कारण ज्यांना हे सारे दिले त्यांच्यातच मृत्यू जास्त झाले. २०१२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याचे नेमके कारण संशोधकांनाही स्पष्ट करता आले नाही, आणि इतर अनेक अभ्यासांत अशा योजनांचा फायदाच दिसला आहे. पण मी त्यातून माझ्यापुरते एक घेतले: गोळ्या सुरू झाल्या की त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी जाणकाराने रुग्णाला प्रत्यक्ष पाहिले पाहिजे. स्टेरॉइडबाबत आणखी एक. २०१३ साली स्वित्झर्लंडमधील अभ्यासाने दाखवले की तीव्र आजारपणात पाच दिवसांचा कोर्स चौदा दिवसांच्या कोर्सइतकाच उपयोगी पडतो. बरे वाटते म्हणून घरचे लोक गोळ्या परस्पर चालू ठेवतात आणि मग साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मांड्यांचे स्नायू झिजतात. उरलेल्या गोळ्या परिचारिकेने मोजाव्यात. यात अविश्वास नाही, ते तिचे कामच आहे.

ऑक्सिजनवर मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण घरी होणाऱ्या चुकांपैकी सर्वांत घातक चूक इथे होते, आणि ती प्रेमापोटी होते. एका घरी मी सकाळी पोहोचले तेव्हा रुग्ण गाढ झोपलेला होता. मुलगा समाधानाने म्हणाला, "सिस्टर, रात्री ८९ दाखवत होते म्हणून मी ऑक्सिजन दोनचा पाच लिटर केला, आता बघा, ९८ आहे, आणि बाबा किती दिवसांनी शांत झोपलेत." मी हाक मारली, खांदा हलवला. त्यांनी डोळे उघडले, काहीतरी पुटपुटले आणि पुन्हा मिटले. हात पुढे धरायला सांगितले तर पंजे पंखासारखे फडफडत होते. कपाळ उबदार, तळवे घामेजलेले. ही झोप नव्हती. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून आलेली गुंगी होती. रुग्णवाहिका बोलावली, वाटेत ऑक्सिजन खाली आणला आणि रुग्णालयात बायपॅप लागल्यावर ते दुपारी शुद्धीवर आले.

असे का होते ते समजून घेतले की चूक पुन्हा होत नाही. आजारी फुफ्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोहोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या शरीर स्वतःहून आकसून घेते आणि रक्त चांगल्या भागाकडे वळवते. बाहेरून गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळाला की त्या आकसलेल्या वाहिन्या सैलावतात, रक्त पुन्हा निकामी भागात जाते आणि तिथे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकलाच जात नाही. शिवाय ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन स्वतःजवळचा कार्बन डायऑक्साइड रक्तात सोडून देते. त्यात श्वासाची ओढ थोडी कमी झाली तर आणखी भर पडते. म्हणून ज्यांच्या रक्तात हा वायू साचण्याचा धोका आहे, अशा सीओपीडीच्या रुग्णांसाठी सॅच्युरेशनचे लक्ष्य ८८ ते ९२ टक्के ठेवतात. ९८ ही त्यांच्यासाठी आनंदाची बातमी नाही. ऑस्ट्रेलियातील टास्मानियात ४०५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णवाहिकेत भरपूर ऑक्सिजन दिलेल्या गटात ९ टक्के रुग्ण दगावले, तर ८८ ते ९२ च्या बेताने मोजून दिलेल्या गटात ४ टक्के. तुमच्या वडिलांचे लक्ष्य किती हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद कॉन्सन्ट्रेटरवरच चिकटवा.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्यांना दीर्घकालीन ऑक्सिजन सांगितला आहे त्यांनी तो दिवसातून किमान १५ तास घेतला पाहिजे. १९८० आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील व ब्रिटनमधील दोन अभ्यासांनी दाखवून दिले की रक्तातील ऑक्सिजन फार कमी असलेल्या रुग्णांचे आयुष्य याने वाढते. "दम लागला की लावू" अशा हिशेबाने तो फायदा मिळत नाही, कारण हा ऑक्सिजन दम थांबवण्यासाठी नसून हृदय आणि रक्तवाहिन्यांवरचा ताण कमी करण्यासाठी असतो. उलट, ज्यांची पातळी थोडीच खाली आहे त्यांना कायमच्या ऑक्सिजनने लाभ होत नाही, हे २०१६ च्या एका मोठ्या अभ्यासातून पुढे आले. आजारपणातून उठताना दिलेला ऑक्सिजन पुढे कायम लागेलच असे नसते. म्हणून घरी आल्यापासून ६० ते ९० दिवसांत पुन्हा तपासणी करून तो लागतो का हे पाहावे. ही तारीख परिचारिकेने आजच वहीत लिहावी, नाहीतर ती कोणाच्याच लक्षात राहत नाही.

यंत्राची देखभाल सोपी आहे. प्रवाह दाखवणारा मणी डोळ्यांच्या रेषेत आणून वाचावा, म्हणजे मण्याचा मध्य आकड्याच्या रेषेवर आला पाहिजे. उभ्याने वरून पाहिले तर आकडा चुकतो. यंत्र भिंतीपासून आणि पडद्यापासून हातभर दूर ठेवावे, बाहेरची जाळी आठवड्यातून एकदा धुऊन पूर्ण वाळवून लावावी. बाटलीत पाणी वापरत असाल तर ते शुद्ध केलेले असावे आणि रोज बदलावे. नळीला पीळ पडला नाही ना, तिच्यावर खुर्चीचा पाय आला नाही ना, हे आधी पाहावे. मध्यरात्रीच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. वीज गेली तर काय, याचे उत्तर आधी तयार हवे. हिशेब साधा आहे: सिलिंडरमधले लिटर भागिले मिनिटाचे लिटर. दीड हजार लिटरचा भरलेला सिलिंडर मिनिटाला दोन लिटरने ७५० मिनिटे, म्हणजे साडेबारा तास पुरेल. कानांच्या मागे नळीने त्वचा घासते, तिथे मऊ कापसाची पट्टी लावावी. नाक कोरडे पडले तर पाण्याधारित जेल लावावे, पेट्रोलियम जेली नव्हे, कारण ऑक्सिजनच्या सान्निध्यात तिने भाजण्याचा धोका असतो. त्या खोलीत सिगारेट, काडी, मेणबत्ती, उघडी ज्योत यांतले काहीही नको. कपड्यांत आणि पांघरुणात ऑक्सिजन मुरून राहतो, त्यामुळे नळी काढल्या काढल्या आगीजवळ जाणेही धोक्याचे आहे.

इन्हेलर बरोबर घेतला जातो का हे परिचारिकेने विचारून नव्हे, पाहून ठरवावे. "घेता येते का?" या प्रश्नाला सगळे होच म्हणतात. मी म्हणते, "मला एकदा घेऊन दाखवा." आणि मग दिसते: डबी हलवलीच नाही, श्वास सोडून फुफ्फुसे रिकामी केली नाहीत, कळ दाबली आणि पांढरा फवारा ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आला. महिनोन्महिने औषध घेतले जात होते, पण छातीत गेलेच नव्हते. फवाऱ्याचा इन्हेलर स्पेसर, म्हणजे फवारा साठवणारी प्लास्टिकची पोकळ नळी, लावून घ्यावा: हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, एकच फवारा दाबावा, चार-पाच सेकंदांचा संथ श्वास आत घ्यावा, शक्य तर दहापर्यंत रोखावा, आणि दुसऱ्या फवाऱ्याआधी अर्धा ते एक मिनिट थांबावे. पावडरच्या इन्हेलरची रीत उलटी आहे. तिथे श्वास जोरात आणि खोल ओढावा लागतो, आणि यंत्रात फुंकर मारली तर ओलाव्याने पावडर चिकटून बसते. तुमच्याकडे दोन प्रकार आहेत, म्हणून ही गल्लत होण्याची शक्यता जास्त आहे. पावडर ओढण्याइतका जोर वडिलांत उरला आहे का हेही पाहावे. नसेल तर डॉक्टरांना सांगून प्रकार बदलून घ्यावा. स्टेरॉइड असलेल्या इन्हेलरनंतर चूळ भरून थुंकावी, नाहीतर तोंडात बुरशी धरते. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात धुवावा आणि पुसू नये, आपोआप वाळू द्यावा. पुसल्याने प्लास्टिकवर विद्युतभार येतो आणि औषध भिंतीलाच चिकटते. नेब्युलायझरचा कप प्रत्येक वापरानंतर धुऊन वाळवावा, आणि वडिलांना कार्बन डायऑक्साइड साचण्याचा धोका असेल तर तो ऑक्सिजनवर नव्हे, हवेच्या यंत्रावर चालवावा.

बायपॅपबद्दल डॉक्टर पुढच्या तपासणीत ठरवणार आहेत, ते योग्यच आहे. आजारपण ओसरल्यावर दोन ते चार आठवड्यांनीही रक्तातील कार्बन डायऑक्साइड जास्तच राहिला, तर रात्रीच्या बायपॅपचा खरा उपयोग होतो. ब्रिटनमधील ११६ रुग्णांच्या अभ्यासात, जो २०१७ साली प्रसिद्ध झाला, घरच्या ऑक्सिजनला बायपॅपची जोड दिल्यावर पुन्हा दाखल होण्यापर्यंतचा किंवा मृत्यूपर्यंतचा मध्यम काळ १.४ महिन्यांवरून ४.३ महिन्यांवर गेला. पण मास्क पहिल्या चार रात्रींत नकोसा झाला तर यंत्र कपाटात जाते. म्हणून सुरुवात दिवसा करावी, वडील जागे असताना, मास्क हातात धरून, पट्टे न बांधता, दहा-पंधरा मिनिटे. नाकाच्या उंचवट्यावर लाली येते का, डोळ्यांत हवा जाते का, हे रोज सकाळी पाहावे. पट्टे आवळणे हा गळतीवरचा उपाय नाही. बहुतेक वेळा मास्कचे मापच चुकलेले असते.

श्वास आणि हालचाल यांबाबत घरच्यांची इच्छा असते की रुग्णाने पडून राहावे. ही माया समजते, पण तिने नुकसान होते. न वापरलेले स्नायू थोड्या कामालाही जास्त ऑक्सिजन मागतात, मग दम अधिक लागतो, मग माणूस आणखी कमी हलतो. रुग्णालयातून आल्यावर चार आठवड्यांच्या आत फुफ्फुसांचे पुनर्वसन, म्हणजे देखरेखीखालील व्यायाम आणि शिक्षण, सुरू करता आले तर फार उत्तम. तोवर परिचारिकेने खुर्चीतून उठणे-बसणे आणि घरातल्या घरात चालणे सुरू करून द्यावे. चालताना वाक्य बोलता येईल इतपत दम चालतो. एकेक शब्दच निघू लागला की थांबावे. नाकाने श्वास घेऊन, ओठ शीळ घातल्यासारखे मिटते ठेवून, घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावत सोडावा. याने नलिका उघड्या राहतात आणि कोंडलेली हवा निघते. उठताना, उचलताना, पायरी चढताना, म्हणजे जोर लावतानाच श्वास सोडायचा, हे एकदा अंगवळणी पडले की दिवस सोपा होतो. दम अचानक वाढला तर पुढे वाकून कोपर मांड्यांवर टेकवून बसवावे आणि छोटा हातपंखा चेहऱ्यावर धरावा. गालांवर आणि नाकाजवळ वारा लागला की मेंदूला जाणवणारी घुसमट कमी होते, आणि यामागे शरीरशास्त्र आहे, नुसता दिलासा नाही. आंघोळ स्टुलावर बसून आणि ऑक्सिजनची नळी न काढता करावी.

आहाराबाबत एवढेच: थोडे थोडे, पण अधिक वेळा खावे, प्रथिने भरपूर असावीत, आणि आठवड्यातून एकदा त्याच काट्यावर वजन करावे. वजन घटणे हे या आजारात वाईट लक्षण आहे. दोन-तीन दिवसांत एकदम दोन किलो वाढले आणि घोटे सुजले, तर ते हृदयावर ताण आल्याचे चिन्ह असू शकते. बद्धकोष्ठता क्षुल्लक समजू नका. शौचाला जोर लावताना मी रुग्णांचे सॅच्युरेशन झरझर उतरताना पाहिले आहे. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत, कारण त्या श्वासाची ओढ मंदावतात. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकोकसची (न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूविरुद्धची) लस डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे घ्यावी. घरात कोणीही धूम्रपान करत असेल तर ते बंद झाले पाहिजे. वरचे सगळे श्रम एका सिगारेटीच्या धुरात वाया जाऊ शकतात.

मदतनीस की परिचारिका, या प्रश्नाकडे परत येते. अंघोळ, उठवणे, सोबत, स्वच्छता यांसाठी चांगला मदतनीस अनमोल असतो, आणि त्याचे काम कमी प्रतीचे नाही. पण लक्षणांचा अर्थ लावणे, औषधांची यादी रुग्णालयाच्या कागदाशी ताडून दुबार झालेली औषधे शोधणे, डॉक्टरांना नेमक्या शब्दांत कळवणे हे प्रशिक्षित माणसाचे काम आहे. पहिल्या भेटीत परिचारिकेला विचारा: "वडिलांचे सॅच्युरेशन ८९ दिसले तर तुम्ही काय कराल?" जी लगेच "ऑक्सिजन वाढवीन" म्हणेल, तिने हा आजार पुरेसा हाताळलेला नाही. जी म्हणेल, "आधी त्यांचे लक्ष्य किती ते पाहीन, बोट गरम आहे का पाहीन, श्वास मोजीन, त्यांच्याशी बोलून पाहीन", तिला ठेवा. आणि जी स्वतःच्या मनाने औषधाचा डोस बदलते तिला ठेवू नका, तिचा अनुभव कितीही असो.

काही लक्षणांना घरी थांबायचे नसते. विश्रांतीतही वाक्य पूर्ण न होणे, ओठ निळसर पडणे, नेहमीपेक्षा जास्त गुंगी किंवा गोंधळ, सकाळी उठताच डोके जड होऊन दुखणे आणि सोबत सुस्ती, छातीत एका बाजूला अचानक कळ येऊन दम वाढणे, कफात रक्त, किंवा ठरलेले औषध देऊनही सॅच्युरेशन लक्ष्याच्या खालीच राहणे: यांतले काहीही दिसले तर रुग्णवाहिका बोलवावी आणि ऑक्सिजनचे लक्ष्य लिहिलेला कागद सोबत द्यावा.

एक बोलणे अवघड आहे, तरी ते आता करावे असे मला वाटते. वडील बरे असताना, शांत दुपारी, त्यांनाच विचारा की पुढे कधी श्वास फारच बिघडला तर त्यांना काय हवे आहे, कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे यंत्र हवे का, घरीच राहायचे आहे का. मी हे विचारते तेव्हा बहुतेक रुग्ण घाबरत नाहीत. अनेकांना हायसे वाटते, कारण ते स्वतः कधीपासून यावर विचार करत असतात आणि मुलांना दुखवू नये म्हणून गप्प असतात. त्यांचे उत्तर लिहून डॉक्टरांना कळवा. ते नंतर बदलू शकते.

आणि किती दिवस? पहिले दोन आठवडे रोज किंवा एक दिवसाआड, कारण घरी परतल्यानंतरचा पहिला महिना पुन्हा दाखल होण्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतो. त्यानंतर आठवड्यातून दोनदा, मग एकदा. दर भेटीत वही तुम्ही लिहायची आणि तिने तपासायची. ज्या दिवशी तुम्ही तिच्या आधी म्हणाल, "सिस्टर, आज बाबांचा आवाज वेगळा वाटतोय, श्वास २५ आहे, कफ कालपासून पिवळा आहे, मी डॉक्टरांना फोन केला", त्या दिवसापासून तिने महिन्यातून एकदा आले तरी चालेल. नवे यंत्र आले, नवे औषध सुरू झाले किंवा वडील पुन्हा रुग्णालयातून घरी आले, तर मात्र तिला पुन्हा दोन आठवडे बोलवा.